विवरणपत्र भरण्यापूर्वी जुनी थकबाकी कशी तपासावी? वडिलांच्या नावावर २०१०-११ ची मागणी निघाली आहे

सांजसावली यांचा प्रश्न

नमस्कार. वडिलांचे आयकर विवरणपत्र गेली चार वर्षे मी भरते आहे. ते निवृत्त आहेत आणि निवृत्तिवेतन व मुदत ठेवींवरील व्याज एवढेच त्यांचे उत्पन्न आहे. बँक व्याजातून कर कापून घेते आणि तो परत मिळतो, त्यामुळे विवरणपत्र भरणे म्हणजे कापलेला कर परत मागणे, एवढाच त्याचा अर्थ आमच्या घरात होता. गेल्या वर्षी १८,६४० रुपये परतावा यायला हवा होता, परंतु खात्यात एक रुपयाही जमा झाला नाही. बरेच दिवस वाट पाहिल्यावर मी कलम १४३(१) खालील सूचनापत्र शेवटपर्यंत वाचले, तेव्हा संपूर्ण परतावा कर निर्धारण वर्ष २०१०-११ च्या (म्हणजे २००९-१० या आर्थिक वर्षातील उत्पन्नाच्या) थकीत मागणीत वळता करून घेतल्याचे समजले.

त्यानंतर संकेतस्थळावर शोध घेतला. २०१०-११ ची मूळ मागणी ३२,२५० रुपयांची असून परतावा वळता केल्यानंतर १३,६१० रुपये बाकी दिसतात. त्याच पानावर २००९-१० ची ९,८७० रुपयांची आणखी एक मागणी आहे, मात्र ती रद्द झाल्याची नोंद आहे. या दोन्ही मागण्यांची कोणतीही नोटीस घरी आलेली वडिलांना आठवत नाही. त्या काळी ते नोकरीत होते, विवरणपत्र कागदावर भरून कार्यालयात नेऊन देत असत, आणि त्यांचे म्हणणे एकच आहे की, "कर पगारातूनच कापला जात होता, मग बाकी राहिलीच कशी?"

या वर्षीचे विवरणपत्र भरण्यापूर्वी मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. वडिलांच्या नावावर आणखी काही थकबाकी आहे का, हे खात्रीने कोठे पाहावे? थकबाकी असताना विवरणपत्र स्वीकारले जाते का? आणि एक मागणी आपोआप रद्द झाली असताना दुसरी का राहिली?

पडताळा यांचे उत्तर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मुदत त्याच्याशी बांधलेली आहे. जुनी मागणी थकीत असली तरी विवरणपत्र भरता येते आणि ते मुदतीतच भरावे. मागणीचा निकाल लागेपर्यंत थांबलात, तर कलम २३४एफ खाली ५,००० रुपये (एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये) विलंब शुल्क लागू शकते, आणि जुन्या वादात हे नवे ओझे घेण्याचे काहीच कारण नाही. विवरणपत्रात जुन्या मागणीसाठी रकाना नसतो. काही जण ती रक्कम या वर्षीच्या स्वयंनिर्धारण करात, म्हणजे विवरणपत्रापूर्वी स्वतः हिशेब करून भरायच्या करात, मिळवून भरतात. मग यंत्रणेच्या हिशेबी ती या वर्षी जास्त भरलेली रक्कम ठरते, तिचा परतावा निघतो आणि तो परतावा पुन्हा जुन्या मागणीत वळता होण्याच्या रांगेत जाऊन बसतो. हा द्राविडी प्राणायाम मी माझ्या व्यवसायात अनेकदा निस्तरला आहे.

आता कोठे पाहावे ते सांगतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर प्रवेश केल्यावर 'पेंडिंग ॲक्शन्स' या विभागात 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' हे पान आहे, आणि तुम्ही बहुधा तेच पाहिले आहे. तेथे प्रत्येक मागणीचा संदर्भ क्रमांक, निर्धारण वर्ष, कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तारखेला ती काढली हे दिसते. केवळ रक्कम पाहून पान बंद करू नका. तारीख आणि कलम उतरवून घ्या, कारण पुढची सगळी झटापट त्या दोन गोष्टींवर चालते. ही मागणी बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राने काढली आहे की स्थानिक निर्धारण अधिकाऱ्याने चढवली आहे, हेही तपासा, कारण दुरुस्तीचा अर्ज कोणाकडे करायचा हे त्यावरून ठरते. विवरणपत्र कागदावर दिलेले होते, त्या अर्थी तुमच्या प्रकरणात दुसरी शक्यता अधिक आहे. मागणी आणि परताव्याची माहिती वार्षिक माहिती विवरणातही, म्हणजे एआयएसमध्ये, येते. ते विवरण विवरणपत्रापूर्वी उघडावेच लागते, तेव्हा तेथेही नजर टाकावी.

परतावा वळता करण्यापूर्वी कलम २४५ नुसार करदात्याला लेखी सूचना द्यावी लागते आणि तिला उत्तर देण्यासाठी मुदत असते. तुम्हाला ती सूचना मिळालीच नाही असे वाटत असेल, तर संकेतस्थळावर नोंदवलेला ई-मेल पत्ता कोणाचा आहे ते आधी पाहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जुन्या किरकोळ मागण्या मागे घेण्याची घोषणा केली. त्यांतील काही तर १९६२ पासूनच्या आहेत, असे त्यांनी भाषणात सांगितले होते. त्यानंतर १३ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशानुसार, ३१ जानेवारी २०२४ रोजी थकीत असलेल्या मागण्यांपैकी निर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतच्या प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ या वर्षांच्या प्रत्येकी १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या रद्द झाल्या. एका करदात्यासाठी एकूण मर्यादा एक लाख रुपयांची होती. ९,८७० रुपये मर्यादेत बसले, ३२,२५० रुपये बसले नाहीत.

शेवटी एक कळकळीची विनंती. त्या पानावर 'मागणी बरोबर आहे' आणि 'मागणी मान्य नाही' असे दोन पर्याय आहेत. कारण समजल्याशिवाय पहिला पर्याय निवडू नका, कारण एकदा तो दिला की नंतर असहमती नोंदवता येत नाही. (मी दिलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत, आयकर कायदा, २०२५ मध्ये ते बदलले आहेत.)

रानजाई यांचे उत्तर

माझा सल्ला थोडा वेगळा आहे. १३,६१० रुपयांसाठी वडिलांना या वयात कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लावण्यापेक्षा रक्कम भरून मोकळे व्हावे. मी माझ्या ७,४०० रुपयांच्या मागणीबाबत तेच केले. मात्र भरताना माझ्याकडून जी चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी नेहमीच्या सवयीने चलनात 'सेल्फ असेसमेंट टॅक्स', म्हणजे ३०० हा संकेतांक निवडला. पैसे गेले, पावती आली, पण मागणी तशीच राहिली, कारण जुन्या मागणीसाठी ४०० हा संकेतांक, म्हणजे 'रेग्युलर असेसमेंट टॅक्स', निवडावा लागतो आणि निर्धारण वर्षही मागणीचेच टाकावे लागते. ऑनलाइन दुरुस्तीची मुदत फारच अपुरी असते. ती उलटल्यामुळे मला निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागला आणि ज्या पायऱ्या टाळायच्या होत्या त्याच चढाव्या लागल्या. मागणीच्या ओळीतच 'पे नाऊ' हे बटण आहे. तेथून भरल्यास वर्ष, संकेतांक आणि मागणीचा क्रमांक आपोआप येतो.

जुनी_वही यांचे उत्तर

रानजाई यांच्या सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे, पण या प्रकरणात मी तो स्वीकारणार नाही. भरून मोकळे होता येईल, हे गृहीतकच येथे डळमळीत आहे. मागणीची नोटीस बजावल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरली नाही, तर कलम २२०(२) नुसार दरमहा किंवा महिन्याच्या भागासाठी एक टक्का व्याज लागते. ३२,२५० रुपयांवर, शंभराखालची रक्कम सोडून, हे व्याज महिन्याला ३२२ रुपये होते. दहा वर्षांचे ३८,६४० रुपये, म्हणजे मुद्दलापेक्षाही अधिक. आज १३,६१० रुपये भरले आणि मागणी मान्य केली, तर उद्या या व्याजाची स्वतंत्र मागणी आल्यावर तुम्ही कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? आणि गेलेले १८,६४० रुपये तर कायमचे गेले.

वडिलांचा प्रश्न साधा वाटतो, पण कायद्याच्या दृष्टीने तोच या प्रकरणाचा गाभा आहे. कलम २०५ सांगते की, ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्या कापलेल्या रकमेपुरती वसुली करदात्याकडून करता येत नाही. मालकाने कापलेला कर सरकारात जमा केला नसेल किंवा त्याने भरलेल्या त्रैमासिक विवरणात चूक असेल, तर तो मालक आणि खाते यांच्यातील प्रश्न आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आणि पुन्हा ११ मार्च २०१६ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना हेच कळवले आहे. प्रत्यक्षात मात्र यंत्रणा २६एएसमध्ये, म्हणजे करदात्याच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, दिसणाऱ्या रकमेचीच वजावट देते आणि उरलेली रक्कम मागणी म्हणून काढते.

कागदी विवरणपत्रांच्या काळातील अशा हजारो मागण्या निर्धारण अधिकाऱ्यांनी पुढे केंद्रीय यंत्रणेवर चढवल्या आणि करदात्यांना त्याचा पत्ता परतावा अडकल्यावर लागला. दिल्ली उच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि १४ मार्च २०१३ च्या निकालात, कलम २४५ ची पूर्वसूचना न देता परतावा वळता करण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. मागणीची सूचना करदात्याला पोहोचली होती हे दाखवण्याची जबाबदारी खात्यावर आहे, हेही त्याच निकालात आले. 'नोटीस मिळाली नाही' एवढे तोंडी सांगून भागणार नाही. ती कोणत्या पत्त्यावर आणि कधी बजावली, याचा पुरावा लेखी मागावा.

तेव्हा आधी दोन कागद शोधा: आर्थिक वर्ष २००९-१० चा फॉर्म १६ (पगारातून कर कापल्याचे मालकाने दिलेले प्रमाणपत्र), आणि संकेतस्थळावरून उतरवलेले निर्धारण वर्ष २०१०-११ चे २६एएस. दोन्ही शेजारी ठेवून तिमाहीगणिक रकमा जुळवा. फरक कोणत्या तिमाहीत आहे हे कळले की अर्धे काम झाले.

घरधनी यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाला जोडून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण सगळी थकबाकी त्या एका पानावर दिसतेच असे नाही. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीची मालमत्ता घेताना खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून २६क्यूबी या नमुन्यात भरायचा असतो. तो भरण्यास उशीर झाला, तर कलम २३४ई नुसार दिवसाला २०० रुपये शुल्क लागते. मर्यादा एवढीच की ते कापायच्या कराच्या रकमेपेक्षा अधिक होत नाही. माझ्या नावावरची या शुल्काची मागणी 'ट्रेसेस' या करकपातीच्या वेगळ्या संकेतस्थळावर पडून होती आणि आयकराच्या पानावर मात्र 'थकबाकी नाही' असे दिसत होते. वडिलांनी अलीकडे घर किंवा जमीन घेतली असेल, तर तेथेही पाहावे. नसेल, तर हे वाचून सोडून द्या.

सांजसावली

सर्वांचे मनापासून आभार. घरधनी, अशी खरेदी झालेली नाही. बाकी दोन दिवसांत जे सापडले ते सविस्तर लिहिते.

ई-मेल पत्त्याबाबत पडताळा यांचा अंदाज खरा ठरला. काही वर्षांपूर्वी वडिलांचे विवरणपत्र एका दुकानात ऑनलाइन भरून घेतले होते, तेव्हा दुकानदाराने स्वतःचाच पत्ता नोंदवला होता आणि मी तो कधी पाहिलाच नव्हता. कलम २४५ ची सूचना त्या पत्त्यावर गेली असणार. आता तेथे माझा पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवला आहे.

फॉर्म १६ वडिलांच्या लोखंडी पेटीत, रेशीमदोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात मिळाला. त्यात जानेवारी ते मार्च २०१० या तिमाहीत २६,५०० रुपये कर कापल्याचे स्पष्ट लिहिले आहे, आणि २६एएसमध्ये नेमकी तीच तिमाही रिकामी आहे. आधीच्या तिन्ही तिमाह्या रुपया-रुपयाने जुळतात. २६,५०० रुपये आणि त्यावरचे व्याज मिळून ३२,२५० चा आकडा झाला असावा. फॉर्म १६ पुन्हा नीट पाहिला, तेव्हा त्यावर छापलेल्या पॅनमधले पाचवे अक्षरच चुकलेले आढळले. तेथे 'एम' ऐवजी 'एन' आहे. पाचवे अक्षर आडनावाचे असते आणि आमचे आडनाव 'म' पासून सुरू होते, म्हणजे हा कागद त्यावेळी कोणीही लक्ष देऊन वाचला असता, तर चूक दिसली असती. सोळा वर्षे तो कोणीच वाचला नाही, मी धरून.

आता जुन्या कार्यालयाला विवरण दुरुस्त करायला सांगावे का?

जुनी_वही

विचारायला हरकत नाही, पण त्याने काम होणार नाही. कर कापणाऱ्याला जुन्या तिमाही विवरणात दुरुस्ती करण्यासाठी आता कालमर्यादा आहे, आणि २००७-०८ ते २०१८-१९ या वर्षांच्या दुरुस्त्या ३१ मार्च २०२५ नंतर स्वीकारल्या जात नाहीत. त्यामुळे २६एएसमध्ये ती ओळ आता उमटणार नाही. कार्यालयाकडून मिळवायचेच असेल, तर 'जानेवारी ते मार्च २०१० मध्ये अमुक कर्मचाऱ्याच्या पगारातून २६,५०० रुपये कापून अमुक चलनाने जमा केले, विवरणात पॅन चुकीचा लागला' असे सही-शिक्क्याचे पत्र मिळवा. चलनाचा क्रमांक त्यात असला, तर अधिकाऱ्याला पडताळणी सोपी जाते. पत्र मिळाले नाही तरी फॉर्म १६, त्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे पासबुक यांवर कर कापल्याचे सिद्ध करता येते. पगारपत्रिकेतील निव्वळ रक्कम पासबुकातील जमेशी जुळली पाहिजे; ज्या पानांवर ती जमा आहे, त्यांच्या प्रती काढून तेवढ्या ओळींवर खूण करा.

पडताळा

सापडलेल्या गोष्टींमुळे चित्र स्वच्छ झाले. आता संकेतस्थळावर 'मागणी मान्य नाही' हा पर्याय निवडून संपूर्ण रक्कम अमान्य असल्याचे नोंदवा, आणि कारणाच्या जागेत कापलेल्या कराची वजावट न मिळाल्याचे, चुकीच्या पॅनचे आणि कलम २०५ चे मोजक्या शब्दांत लिहा. त्याच मजकुराचा दुरुस्तीचा अर्ज निर्धारण अधिकाऱ्याकडे कलम १५४ खाली द्या. एरवी अशा दुरुस्तीची मुदत, मूळ आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षांची असते आणि केवळ त्या कारणावरून अर्ज परत येऊ शकतो. म्हणूनच सूचनापत्र कधीच बजावले गेले नाही हा मुद्दा अर्जात पहिल्या परिच्छेदात आला पाहिजे आणि बजावणीच्या पुराव्याची मागणी त्याच अर्जात केली पाहिजे. वळते केलेले १८,६४० रुपये कलम २४४ए च्या व्याजासह परत मागायलाही विसरू नका. मागितले नाही तर अधिकारी केवळ मागणी शून्य करून फाइल बंद करण्याची शक्यता असते.

ऑनलाइन उत्तर आणि कागदी अर्ज हे दोन्ही आवश्यक आहेत. उत्तर नोंदवल्यावर केंद्रीय प्रक्रिया केंद्र ते निर्धारण अधिकाऱ्याकडे पाठवते. नोव्हेंबर २०२२ च्या खात्याच्या सूचनेनुसार अधिकाऱ्याने २१ दिवसांत अभिप्राय द्यायचा असतो आणि तो न दिल्यास परतावा वळता न करता सोडायचा असतो. या वर्षीचा परतावा वाचवायचा असेल, तर असहमतीचे उत्तर विवरणपत्र भरण्यापूर्वीच नोंदलेले असावे. विवरणपत्र आज भरून उत्तर महिनाभराने दिले, तर मधल्या काळात पुन्हा गेल्या वर्षासारखे व्हायला वेळ लागणार नाही.

रानजाई

माझा सल्ला मी मागे घेते. पॅनमधल्या एका अक्षरापायी ३२,२५० रुपये सोडून देणे मलाही रुचणार नाही.

सांजसावली

काल रात्री असहमतीचे उत्तर नोंदवले आणि मिळालेला व्यवहार क्रमांक वहीत उतरवला. विवरणपत्र त्यानंतर भरले. या वर्षीचा परतावा १६,९२० रुपयांचा आहे. आज सकाळी वडिलांच्या सहीचा अर्ज, फॉर्म १६, तीन पगारपत्रिका आणि पासबुकाची दोन पाने घेऊन निर्धारण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन आले. आवक विभागातील लिपिकाने दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख दिली. बजावणीचा पुरावा मागणारा परिच्छेद त्याने दोनदा वाचला आणि ती जुनी फाइल नोंदवहीत शोधावी लागेल, असे सांगितले. जुन्या कार्यालयातील पत्राची वाट पाहते आहे. तिथले सध्याचे लेखापाल वडिलांच्या हाताखाली काम केलेले निघाले आणि २०१० च्या चलनांची फाइल अजून कपाटात आहे, असे ते म्हणाले. काही हालचाल झाली की याच धाग्यावर कळवीन.